सुईने संपवलेली पुस्तकं

सोळाव्या शतकात व्हेनिसला छापलेलं भरतकामाच्या नमुन्यांचं एखादं पुस्तक उजेडासमोर धरलं, की पुष्कळदा त्याच्या पानातून प्रकाशाचे बारीक ठिपके दिसू लागतात. हे कसरीचं काम नाही. कसर वाट फुटेल तशी कागद खात जाते. ही भोकं वेलीच्या देठावरून, पानाच्या कडेकडेने, पक्ष्याच्या चोचीवरून ओळीने गेलेली असतात. कुणीतरी टाचणी घेऊन, सारखं अंतर राखत, अख्खी वेल टोचून काढलेली असते. टोचलेला कागद कापडावर पसरायचा, त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी हलक्या हाताने आपटायची, की खाली काळ्या ठिपक्यांची वेल उमटते आणि सुई त्या ठिपक्यांवरून चालू लागते. आपल्याकडचे जरदोजीचे आणि आरीचे कारागीर आजही खाका टोचतात तो याच रीतीने.

पुस्तकाचं मात्र त्यात वाटोळं होतं. दोन-चारदा टोचलेला कागद फाटतो, पुडीने काळवंडतो. काही पानं कात्रीने कापून शेजारणीला दिली जातात, काही चौकड्यांवर घरं मोजताना शाईच्या खुणा पडतात. आर्थर लोट्झ या जर्मन अभ्यासकाने १९३३ साली या पुस्तकांची सूची प्रसिद्ध केली. तीत दीडशेच्या वर वेगवेगळी पुस्तकं आहेत आणि त्यांच्या पुनर्मुद्रणांची संख्या त्याहून कितीतरी मोठी. इतकी छापली गेली, तरी कित्येकांची जगात एकेकच प्रत उरली आहे. धर्मशास्त्राचे जाडजूड ग्रंथ मठांच्या कपाटांत सुखरूप राहिले, कारण त्यांना रोज कुणी हात लावत नव्हतं. ही पुस्तकं घराघरांत गेली, कामाला लागली आणि कामातच संपली. ग्रंथसंग्राहकाला कोरी, स्वच्छ प्रत हवी असते. मला टोचलेली, डागाळलेली, पानं गेलेली प्रत जास्त मोलाची वाटते. छापखान्याच्या त्या पहिल्या शतकात पुस्तकातून थेट हाताने काय शिकलं गेलं, याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसऱ्या कुठल्याही ग्रंथात सापडत नाही.

छपाईच्या आधी नमुना मिळवायचा तर दोन वाटा होत्या. पैसा असेल तर चित्रकाराला बोलवायचं. इसवी सन १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने आपल्या कलेवर जी पोथी लिहिली, तीत भरतकाम करणाऱ्यांसाठी कापडावर आकृती कशी काढून द्यावी याचा वेगळा पाठच आहे. चर्चच्या झग्यांवरची सोन्याच्या तारेची कामं अशी होत. पैसा नसेल तर दुसरी वाट आपली आपण काढायची: जिथे चांगली वेलबुट्टी दिसेल तिथून ती एका कापडाच्या तुकड्यावर टाक्यांनीच उतरवून ठेवायची. आईने लेकीला, लेकीने नातीला हे कापड द्यायचं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक हिने १५९८ साली केलेला असा नमुन्यांचा तुकडा आहे. साल टाकलेला ब्रिटनमधला हा सर्वांत जुना तुकडा. त्यावर तिचं स्वतःचं नाव आहे आणि ॲलिस ली या मुलीच्या जन्माची नोंद. म्हणजे छापील पुस्तकं पाऊणशे वर्षं बाजारात असतानाही ही कापडी वही सुटली नव्हती. पण अशा कापडावर एका घराण्याला जेवढं ठाऊक, तेवढंच असायचं. दूरच्या गावातली वेल त्यावर यायला कुणीतरी तिकडून लग्न होऊन यावं लागे.

ही अडचण पहिल्यांदा सुटली ती जर्मनीतल्या ऑग्जबर्ग शहरात. ऑग्जबर्ग म्हणजे कापडाचं गाव. पुढे राजेरजवाड्यांना कर्ज देणाऱ्या फुग्गर सावकारांचा मूळपुरुष १३६७ साली या गावात आला तो विणकर म्हणून. शिवाय लाकडी ठशांवरून चित्रं छापण्यात ऑग्जबर्गचा हात धरणारं गाव त्या काळी विरळा. माग आणि मुद्रण एकाच गल्लीत नांदत होते तिथे १५२३-२४ च्या सुमारास योहान शोन्सपेर्गर धाकटा याने विणकाम, भरतकाम आणि बारीक पट्ट्यांच्या कामासाठी नमुन्यांची छोटी पुस्तिका काढली. थोरला शोन्सपेर्गर हा मॅक्सिमिलियन सम्राटाचा मुद्रक. त्याने १५१७ मध्ये सम्राटाच्या पराक्रमाचं ‘थॉयरडांक’ हे काव्य अशा दिमाखात छापलं की त्याच्या अक्षरांची तारीफ आजही होते. बापाने सम्राटासाठी छापलं, लेकाने सुई धरणाऱ्यांसाठी. मुद्रणाच्या इतिहासात बापाला पानंच्या पानं मिळतात आणि लेकाला बहुधा तळटीप. मला हा हिशेब मान्य नाही. बापाच्या ग्रंथाने राजाची कीर्ती वाढवली. लेकाच्या पुस्तिकेने अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कामाचं असेल असं पुस्तक बाजारात आणलं.

तिचं पान कसं असतं? मजकूर जवळपास नाहीच. लाकडी ठशावरून छापलेल्या आडव्या पट्ट्या, एकीखाली एक. काहींत मोकळ्या हाताने काढलेली पानंफुलं, काहींत बारीक घरांचा चौकडा आणि त्यात काळी-पांढरी घरं भरून तयार झालेले मोर, हरणं, चांदण्या, मुळाक्षरं. ठिपक्यांच्या रांगोळीची पुस्तिका ज्यांनी हाताळली आहे त्यांना हे पान समजावून सांगावं लागणार नाही. एक घर म्हणजे एक टाका. दसुतीवर मोजून भरणारी बाई, जाळीवर धागा ओवणारी बाई आणि मागावर पट्टी विणणारा विणकर, तिघांनाही तोच चौकडा चालतो. मोकळ्या हाताची वेल मात्र मोजता येत नाही, ती टोचूनच उतरवावी लागते. पुढची शंभर वर्षं हे दोन प्रकार एकाच पुस्तकात शेजारी शेजारी नांदले.

मग १५२७ हे साल येतं, आणि जणू बांध फुटतो. कोलोनमध्ये पेटर क्वेंटेल या मुद्रकाने शोन्सपेर्गरचे पुष्कळ नमुने उचलून आपलं पुस्तक काढलं. तेवढ्यावर न थांबता त्याची फ्रेंच आवृत्तीही त्याने कोलोनमध्येच छापली. अँटवर्पमध्ये विलेम फोर्स्टरमान याने त्याच धाटणीचं पुस्तक चक्क इंग्रजीत काढलं, कारण समुद्रापलीकडे लंडनला गिऱ्हाईक होतं. क्वेंटेलच्या छापखान्याची आणखी एक ओळख आहे. १५२५ साली तिथे विल्यम टिंडलने इंग्रजीत आणलेल्या नव्या कराराची छपाई गुपचूप चालू होती. बातमी फुटली, अधिकाऱ्यांनी काम बंद पाडलं आणि टिंडल छापून झालेले कागद घेऊन ऱ्हाइन नदीतून वर्म्सला निसटला. एकाच छापखान्याच्या फळीवर दोन वर्षांच्या अंतराने ही दोन पुस्तकं चढावीत, यात मला त्या काळाची खरी नाडी सापडते. धर्मग्रंथ असो की कशिदा, ज्ञान ज्यांच्या ताब्यात होतं त्यांच्या हातून ते निसटत चाललं होतं.

त्याच साली व्हेनिसमध्ये जोव्हान्नी आंतोनियो तालियेंते याचं पुस्तक आलं. हा माणूस व्हेनिसच्या सरकारी कचेरीत कारकुनांना वळणदार अक्षर शिकवायचा. घरबसल्या शिकता येईल अशा पुस्तकांची त्याला फार हौस. अक्षर कसं काढावं, हिशेब कसा करावा, वाचायला कसं शिकावं, पत्र कसं लिहावं, या सगळ्यांवर त्याची पुस्तकं आहेत. त्याच रांगेत त्याने भरतकाम बसवलं, ही मोठीच गोष्ट होती. लेखणी आणि सुई त्याने एका पंगतीला बसवली. त्याच्या पुस्तकात नुसते नमुने नाहीत, टाक्यांची नावं आहेत, आकृती लहानमोठी कशी करावी, कापडावर कशी उतरवावी हेही त्याने लिहिलं आहे.

व्हेनिसने पुढे हा धंदा ताब्यातच घेतला. निकोलो झोप्पिनो हा त्यातला एक बिलंदर गडी. चौकाचौकांत उभं राहून लढायांची आणि प्रेमाची गाणी गायची आणि तीच गाणी छापून तिथेच विकायची, असा त्याचा जोडधंदा होता. लोकांना काय हवं हे त्याला पुस्तकविक्रेत्यांच्या गल्लीत बसून कळत नव्हतं, गर्दीत उभं राहून कळत होतं. १५२९ पासून त्यानेही नमुन्यांची पुस्तकं काढली. जोव्हान्नी आंद्रेआ वावास्सोरे हा नकाशे कोरणारा कारागीर, त्यानेही काढली. आणि हे सगळे एकमेकांचे नमुने बिनदिक्कत उचलत होते.

ही उचलाउचल कशी चालायची ते नीट पाहण्यासारखं आहे. दुसऱ्याच्या पुस्तकाचं पान घ्यायचं, ते लाकडाच्या गुळगुळीत फळीवर चिकटवायचं आणि रेषेबरहुकूम कोरायचं. या कोरीव ठशावरून छापलं की चित्र उलटं येतं. मूळ पुस्तकात उजवीकडे बघणारा मोर नकलेत डावीकडे बघू लागतो. त्यामुळे आज अभ्यासक मोर, सिंह, करकोचे कुठल्या दिशेला तोंड करून आहेत हे पाहत पाहत कुणी कुणाचं उचललं याची वंशावळ लावू शकतात. एक पक्षी ऑग्जबर्गहून निघतो, कोलोनला वळतो, व्हेनिसला पोचतो, तिथून लिऑनला जातो. राजाकडून किंवा नगरसभेकडून छपाईचा एकाधिकार मिळवायची सोय होती, पण तो त्या राज्याच्या हद्दीपुरता. सीमेपलीकडच्या मुद्रकाला त्याचं काय? याला चोरी म्हणावं का, असा प्रश्न मला फारसा पडत नाही. मुळात पहिल्या पुस्तकातले नमुने तरी कुणाचे होते? मठांतल्या जोगिणींचे, घराघरांतल्या आयाबायांचे, कापडावरून कापडावर आलेले. मुद्रकांनी तेही विचारून घेतलेले नव्हते.

आणि काही नमुने तर युरोपचेच नव्हते. या पुस्तकांत एक वेलींचा प्रकार वारंवार येतो. देठाला सुरुवात नाही, शेवट नाही, पानं चपटी, सावली न दाखवता काढलेली, एक फांदी दुसरीच्या वरून, मग खालून, अशी गुंतत जाते आणि तरीही कुठे गोंधळ होत नाही. हिला ते मोरेस्क म्हणत. दमास्कस, कैरो, इस्तंबूल इथून व्हेनिसच्या गलबतांतून जी पितळी तबकं, गालिचे, कातडी बांधणीच्या वह्या येत, त्यांवरून ही वेल युरोपात चढली. जर्मन चित्रकार ड्यूररने १५०६-०७ च्या सुमारास अशाच गुंतागुंतीच्या गाठींची ६ लाकूडठसे-चित्रं केली. ती लिओनार्दो दा विंचीच्या वर्तुळातल्या छापील गाठींवरून घेतलेली. १५३० साली फ्रान्चेस्को पेल्लेग्रिनो या फ्लोरेन्सच्या चित्रकाराने पॅरिसमध्ये फ्रान्स्वा पहिला या राजाच्या परवानगीने या वेलींचं पूर्ण पुस्तकच काढलं आणि त्याच्या नावातच अरबी आणि इटालियन रीत असं सांगून टाकलं. पुढे पेटर फ्लोटनरचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर १५४९ मध्ये झुरिकला निघाला, टॉमस जेमिनसचा त्याच्या आदल्या वर्षी लंडनला. हे नमुने फक्त कापडावर राहिले नाहीत. सोनाराने ते पेल्यावर कोरले, चिलखतं घडवणाऱ्याने पोलादावर उतरवले, पुस्तकबांधणी करणाऱ्याने कातड्यावर सोन्याने उठवले, सुताराने पेटीच्या झाकणात बसवले.

याच संदर्भात आलेस्सांद्रो पागानिनो हे नाव घ्यायला हवं. गार्डा सरोवराकाठी तोस्कोलानो इथे कागदाच्या गिरण्या होत्या, तिथे आणि व्हेनिसला त्याचं काम चाले. त्याने भरतकामाची काही फार देखणी पुस्तकं काढली आणि १५३७-३८ च्या सुमारास बापाबरोबर अरबी लिपीतलं पहिलं छापील कुराणही काढलं. त्या कुराणाची एकही प्रत उरलेली नाही असंच शतकानुशतकं मानलं जात होतं. १९८०च्या दशकात आंजेला नुओव्हो या अभ्यासिकेला व्हेनिसच्या एका मठाच्या ग्रंथालयात ती सापडली. पूर्वेची वेल आणि पूर्वेची लिपी, दोन्हींना हात घालण्याचं धाडस या एका मुद्रकाने केलं.

पागानिनोच्या भरतकामाच्या एका पुस्तकात १५३० च्या आसपासचं एक चित्र आहे, आणि या सगळ्या साहित्यातलं माझ्या मते ते सर्वांत मोलाचं पान. चित्राचे ४ भाग आणि प्रत्येकात आपापल्या चौकटीशी बसलेली एकेक बाई. एकीने ताणलेल्या कापडाच्या खाली मेणबत्ती ठेवली आहे, म्हणजे खालचा नमुना वर उजळून दिसेल आणि रात्रीही काम करता येईल. दुसरी खिडकीशी बसून दिवसाच्या उजेडात तेच करते आहे. एक टोचलेल्या कागदावरून पूड मारते आहे. आणि एक नमुना समोर ठेवून नुसत्या नजरेने कापडावर काढते आहे. चित्रकार बायकांकडून काम होताना पाहून आला आहे हे बघताक्षणी कळतं, त्यांच्या बसण्यात ओढूनताणून आणलेला डौल नाही. पूड मारण्यातही बारकावे होते. कापड पांढरं असेल तर कोळसा, गडद असेल तर खडू. पूड उडून जाते म्हणून ठिपके लगेच शाईने जोडून घ्यायचे. पुस्तक वाचवायचं असेल तर पानाखाली कोरा कागद ठेवून दोन्ही एकदम टोचायचे आणि पूड त्या कोऱ्या कागदावरून मारायची. मेणबत्तीच्या त्या बाईकडे पाहताना मला राहून राहून वाटतं, की दिवसभराची कामं उरकल्यावर उरलेला वेळ कुठला, हे त्या चित्रकाराला किंवा निदान त्या मुद्रकाला नेमकं ठाऊक होतं.

शतकाच्या मध्याला या पुस्तकांत पांढऱ्या धाग्याने प्रवेश केला आणि सगळा रोख बदलला. त्या काळात लिननचा सदरा हे अंगाला लागणारं वस्त्र. पोशाखाच्या गळ्याशी आणि मनगटाशी त्याची कड दिसू लागली, आणि ती पांढरीशुभ्र असणं ही घराण्याच्या टापटिपीची खूण ठरली. आधी त्या कडेवर काळ्या किंवा तांबड्या रेशमाने दुहेरी धावदोरा घालत, दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा. धारवाडकडच्या कसुतीत जिला गवंती म्हणतात तीच ही चाल. मग कारागिरांनी कापडातच हात घातला. आधी भोकं कापून त्यांच्या कडा बांधायच्या. मग कापडाचे उभेआडवे धागे ओढून काढायचे, फक्त चौकटीपुरते ठेवायचे आणि त्या चौकटींत सुईने चांदण्या, चक्रं भरायची. याला रेतिचेल्ला म्हणतात. आणि शेवटी कापडच सोडून द्यायचं. कातड्याच्या तुकड्यावर नमुना काढायचा, त्याच्या रेषांवर जाड धागा टाचून घ्यायचा, मग त्या धाग्याच्या आधाराने हवेतल्या हवेत काजाचे टाके एकाला एक गुंफत जायचं. काम संपलं की कातडं आणि धागा यांच्यामधले टाचे कापायचे, आणि हातात राहते ती लेस, जिच्याखाली कापड कधीच नव्हतं. व्हेनिसचे लोक हिला पुंतो इन आरिया म्हणत. मात्तेओ पागानो या मुद्रकाने १५४०च्या दशकात कापून करायच्या कामांची पुस्तकं आणली आणि तिथून ही लाट सुरू झाली.

यामागे कायद्याचाही हात होता. व्हेनिसच्या सरकारने उधळपट्टीवर नजर ठेवायला स्वतंत्र अधिकारी नेमले होते. सोन्याची तार, मोती, जरीचं कापड कुणी किती घालावं यावर सारखे निर्बंध येत. पांढरा धागा मात्र स्वस्त. त्यात महाग काय होतं तर बाईचे दिवस आणि तिचे डोळे, आणि त्यांची किंमत कुठल्याच कायद्याने मोजली नव्हती. पुढे लेसवरही निर्बंध आले, पण तोवर अख्ख्या युरोपच्या गळ्यात ती पडली होती.

पॅरिसमध्ये १५८७ साली निघालेलं फेदेरिको दी विंचोलो या व्हेनिशियन कारागिराचं पुस्तक हा या परंपरेचा कळस. फ्रान्सची राणी लुईज हिला अर्पण केलेलं. पान उघडलं की काळ्याभोर जमिनीवर पांढरी लेस, जणू मखमलीवर पसरून ठेवली आहे. हे नुसतं देखणेपणासाठी नव्हतं. लाकडी ठशात जे कोरून काढाल ते कागदावर पांढरं राहतं. म्हणजे ठसा कोरणाऱ्याची पटाशी जिथे जिथे फिरली, तिथे तिथे पुढे धागा जायचा होता. लाकूड आणि लेस यांची रीत एकमेकांना इतकी जुळणं मला या पुस्तकाइतकं दुसरीकडे कुठे दिसलं नाही. उत्तरार्धात चौकड्यावरचे सिंह, मोर, हरणं, देवता आहेत, आणि आकृतीबरोबर लांबीला किती घरं, उंचीला किती, हा आकडा दिला आहे. कापड किती घ्यायचं याचा अंदाज आधीच यावा म्हणून. हे पुस्तक सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुन्हा पुन्हा छापलं गेलं. व्हेनिसमध्ये चेझारे वेचेल्लिओने १५९१ साली त्याला तोडीस तोड उत्तर दिलं. हा चित्रकार टिशियनच्या भाऊबंदांपैकी, देशोदेशींच्या पोशाखांवरचा त्याचा ग्रंथ आदल्याच वर्षी निघाला होता. त्याचं लेसचं पुस्तक इतकं खपलं की त्याने त्याचे भागावर भाग काढले.

आता एक गोष्ट सलते ती सांगतो. या पुस्तकांच्या नावांत शीलवती, सद्गुणी, कुलीन स्त्रिया सारख्या येतात. सुई धरली की मन भरकटत नाही, असा उपदेश प्रस्तावनांत असतो. पण मुखपृष्ठावर नावं पुरुषांची. ज्यांच्या बोटांना हे काम येत होतं त्या बायका अर्पणपत्रिकेत आहेत किंवा चित्रात आहेत, लेखक म्हणून जवळपास नाहीत. झुरिकच्या फ्रोशाउअर छापखान्यातून १५६१ मध्ये निघालेल्या लेसच्या पुस्तकाची लेखिका फक्त आर. एम. या आद्याक्षरांनी उरली आहे. छोट्या लाकडी फिरक्यांवर धागा गुंडाळून उशीवर विणायची लेस हा तिचा विषय. आपण ही कला १२ वर्षं शिकवत आहोत, आणि ही लेस १५३६ मध्ये व्हेनिस आणि इटलीच्या व्यापाऱ्यांनी आपल्याकडे आणली, असं ती लिहिते. स्वतःच्या कलेचा इतिहास साल देऊन नोंदवणारी शिक्षिका, आणि तिचं नाव दोन अक्षरांत मिटलं.

म्हणून रोमच्या इझाबेल्ला कातानेआ पारासोलेचं नाव मी मुद्दाम ठळकपणे घेतो. लाकूडठसे कोरणाऱ्यांच्या घरातली ही बाई. १५९५ पासून तिने स्वतःच्या नावाने लेसच्या नमुन्यांची पुस्तकं काढली. नमुने तिचे, नाव तिचं. १६१६ साली तिने आपलं सर्वांत भव्य पुस्तक स्पेनच्या युवराज्ञी एलिझाबेथ हिला अर्पण केलं. फ्रान्सच्या राजाच्या या मुलीचं लग्न आदल्याच वर्षी झालेलं, म्हणजे मुहूर्तही बाईने नेमका साधला. तिच्या पानांवर लेसच्या पट्ट्या एकमेकींत अडकत नाहीत, प्रत्येकीला श्वास घ्यायला जागा आहे. कुठला टाका प्रत्यक्षात बसेल आणि कुठला नुसता कागदावर छान दिसेल, हे तिला माहीत होतं. इतर पुस्तकांतले कित्येक नमुने करायला बसलं की कोपऱ्यावर अडतात. पारासोलेचे वळतात.

उत्तरेत न्यूरेम्बर्गला योहान झीबमाखरने १५९७ मध्ये लाकूड सोडून तांब्याच्या पत्र्यावर नमुने कोरले. तो मानचिन्हांच्या चित्रांसाठीही नावाजलेला, त्यामुळे रेषेवर त्याची हुकमत. तांब्यामुळे घरं अधिक बारीक झाली आणि घरांतल्या वेगवेगळ्या खुणांनी रंगांचा किंवा विणीचा फरक दाखवता आला. भरतकामाच्या तक्त्यांत आजही हीच पद्धत चालते. त्याचे नमुने पुढे इंग्लंडला गेले. जॉन टेलर नावाचा टेम्स नदीवरचा नावाडी कवी होता. त्याच्या सुईस्तुतीच्या कवनांसह १६३१ मध्ये निघालेल्या पुस्तकात झीबमाखरची पुष्कळ पानं आहेत. १६४० च्या आवृत्तीवर ती बारावी असल्याचं छापलेलं आहे, आणि तरीही आज त्याच्या प्रती मोजक्याच. १६२४ च्या रिचर्ड शॉर्लेकरच्या इंग्रजी पुस्तकात नमुना लहानमोठा करण्यासाठी कमीजास्त आकाराचे कोरे चौकडेही दिले होते, म्हणजे मुद्रकाने उरलेलं काम विश्वासाने बाईवर सोपवलं होतं.

मग हे थांबलं का? फॅशन बदलली. सतराव्या शतकात लेस जाड, उठावदार, वळणावळणांची झाली, तिची रेषा चौकड्यात मावेना. धंदाही घरातून कारखान्यात गेला. १६६५ मध्ये फ्रान्सचा मंत्री कोलबेर याने सरकारी आश्रयाने लेसचे कारखाने उभे केले आणि व्हेनिसच्या कारागीर बायका तिकडे वळवल्या. नमुना आता मालकाचं गुपित झाला. छापून चार लोकांच्या हाती देण्यात कुणाचा फायदा उरला नाही. जी विद्या दीडशे वर्षं उघडी होती तिच्यावर पुन्हा कुलूप पडलं, आणि ते त्या विद्येला चांगलंच भोवलं. बुरानो बेटावर एकोणिसाव्या शतकात सुईच्या लेसची जुनी रीत अंगात असलेली चेंचा स्कार्पारिओला नावाची एक म्हातारी तेवढी उरली होती. १८७२ साली तिथे लेसची शाळा निघाली ती तिला धरून. आणि त्याच दशकात व्हेनिसच्या फेर्दिनांदो ओंगानियाने वेचेल्लिओ आणि त्याच्या काळातल्या इतरांची पुस्तकं हुबेहूब पुन्हा छापायला घेतली. एका म्हातारीची बोटं आणि तीनशे वर्षांपूर्वीचे कागद यांच्या बळावर ती परंपरा पुन्हा उभी राहिली. नुसत्या कागदावरून ती उभी राहिली नसती असं मला वाटतं, आणि नुसत्या म्हातारीवर विसंबून फार काळ टिकली नसती.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमने २०१५-१६ मध्ये या पुस्तकांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि २०१७ पासून हक्कमुक्त चित्रं सर्वांना मोफत वापरायला खुली केली. विंचोलो, वेचेल्लिओ, पारासोले, झीबमाखर यांची पानं आज कोल्हापुरात किंवा नांदेडमध्ये बसून उतरवून घेता येतात. दसुतीचा तुकडा आणि दोन लड्या घेऊन झीबमाखरचं एखादं पान भरून पाहा. ती चारशे वर्षांची विद्या अजून चालते.

आणि एक विनंती आहे. घरोघरी आई-आजीच्या भरतकामाच्या वह्या असतात: चौकडी कागदावर काढलेले मोर, मासिकांतून कापून चिकटवलेल्या वेली, कार्बनचे डाग, मार्जिनमध्ये रंगांच्या लड्यांचे नंबर. घर बदलताना सगळ्यात आधी रद्दीत जातात त्या याच. जाऊ देऊ नका. पहिल्या पानावर तिचं पूर्ण नाव, गाव आणि माहीत असेल तर साल लिहा, मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, आणि जवळच्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला ती वही एकदा दाखवा.